मधल्या फळीतली बाई: महिला फुटबॉलच्या अभ्यासाची प्रस्तावना

पहिला महिला विश्वचषक 1991 साली चीनमध्ये झाला. त्या स्पर्धेतला प्रत्येक सामना 80 मिनिटांचा होता. पुरुषांसाठी 90 मिनिटं कधीचीच ठरलेली होती. बायकांच्या अंगात तेवढा दम असेल का, याबद्दल नियम करणाऱ्यांच्या मनात शंका होती. चार वर्षांनी स्वीडनमधल्या विश्वचषकात सामना पूर्ण 90 मिनिटांचा झाला. त्या स्पर्धेत ब्राझीलच्या संघात सतरा वर्षांची एक मिडफिल्डर होती. तिचं नाव फोर्मिगा. त्याच वर्षी, 1995 मध्येच, भारताच्या संघातून आशियाई स्पर्धेत पंधरा वर्षांची एक मिडफिल्डर खेळली. ती इंफाळची ओइनाम बेमबेम देवी.

फोर्मिगा पुढे सात विश्वचषक खेळल्या आणि सात ऑलिंपिक. इतके विश्वचषक पुरुषांतही कुणी खेळलेलं नाही. बेमबेम देवी वीसहून अधिक वर्षं खेळल्या, देशाच्या कर्णधार झाल्या, आणि एकाही विश्वचषकात, एकाही ऑलिंपिकमध्ये त्यांना उतरता आलं नाही, कारण भारतीय महिला संघ तिथवर पोचलाच नाही. दोघींच्या खेळात किती अंतर होतं, हे मोजायला आपल्याकडे पुरेसं साधन नाही. दोघींच्या भोवती काय उभं होतं, यातलं अंतर मात्र मोजता येतं. हे पुस्तक त्या मोजमापाचं आहे. सिल्वासा, खानवेल, वापी, तलासरी, जव्हार या पट्ट्यातल्या ज्या विद्यार्थ्यांनी खेळाचा इतिहास हा अभ्यासाचा विषय म्हणून निवडला आहे, त्यांचं यात मनापासून स्वागत. विषय नवा आहे, मराठीत त्यावर फार कमी लिहिलं गेलं आहे, आणि म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही इथे खरं काम करता येतं.

मिडफिल्डरच का, असं तुम्ही विचाराल. स्ट्रायकरचे गोल मोजले जातात, गोलरक्षकाने अडवलेले फटके लक्षात राहतात. मधल्या फळीतल्या खेळाडूचं बरंचसं काम कुठेच नोंदलं जात नाही. समोरच्या संघाचा पास जिथे जाणार होता तिथे ती दोन पावलं आधीच उभी राहते. पास तिकडे जातच नाही, आणि जो पास झालाच नाही त्याची नोंद कोण ठेवणार? बचाव फळीकडून चेंडू घेताना तिची पाठ समोरच्या गोलकडे असते. मागून कोण येतंय, डावीकडे मोकळं कोण आहे, हे तिने चेंडू पायाशी येण्याआधीच पाहिलेलं असावं लागतं. नॉर्वेचे संशोधक गाइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं चित्रण तपासून, चेंडू मिळण्याआधीच्या काही सेकंदांत कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतो, याचा अभ्यास केला. जास्त वेळा पाहणाऱ्यांचे पास जास्त वेळा योग्य जागी पोचत होते. वरच्या पातळीवरच्या महिला सामन्यात मिडफिल्डर साधारण 10 ते 11 किलोमीटर धावते. त्यातला बराचसा भाग चेंडूशिवाय. आपल्याकडच्या मैदानावर एखादा सामना नुसत्या सहा नंबरवर नजर ठेवून पाहा, म्हणजे बचाव फळीच्या पुढ्यात खेळणाऱ्या मिडफिल्डरवर. गोल कुणी केला हे कदाचित तुमच्या लक्षातही राहणार नाही, पण सामना कुठे फिरला ते कळेल.

म्हणजे अडचण दुहेरी आहे. महिला फुटबॉलच्या नोंदी मुळात विरळ, आणि त्यातही ज्या जागेच्या नोंदी सगळ्यांत कमी राहतात ती ही जागा. अशा खेळाडूची कारकीर्द लिहायची तर गोलांच्या तक्त्याचा फारसा उपयोग नाही. वेळापत्रक वाचावं लागतं. कोणत्या वर्षी सामने झाले, कोणत्या वर्षी झालेच नाहीत, स्पर्धा किती दिवस चालली, प्रवासाचा खर्च कुणी केला, पगार कोणत्या खात्यातून आला. माझ्या मते महिला फुटबॉलपटूची कारकीर्द ही आधी वेळापत्रकाची गोष्ट असते आणि मग तिच्या कौशल्याची. हे कौशल्याला कमी लेखणं नाही. एवढ्या तुटक वेळापत्रकात ज्यांनी कौशल्य टिकवून धरलं त्यांचं मोल त्यामुळेच नीट कळतं.

बंदीपासून सुरुवात करू. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 1921 साली आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती जवळपास अर्धं शतक बंदच राहिली. ब्राझीलमध्ये 1941 च्या हुकूमनाम्याने बायकांना फुटबॉल वर्ज्य झाला, तो 1979 पर्यंत. फोर्मिगा 1978 साली जन्मल्या. त्या जन्मल्या तेव्हा त्यांच्या देशात हा खेळ बायकांसाठी बेकायदा होता. जीन विल्यम्स यांचं इंग्लंडवरचं पुस्तक, किंवा ब्रेंडा एल्सी आणि जोशुआ नॅडेल यांचं लॅटिन अमेरिकेवरचं ‘फुटबोलेरा’ वाचलं, की या बंद्यांमागचं राजकारण उलगडत जातं. भारतात अशी बंदी कधी आली नाही. त्यामुळे आपला प्रश्न जास्त अवघड आहे. जिथे कायद्याने दार लावलं, तिथे ते कधी लागलं आणि कधी उघडलं याची तारीख सापडते. जिथे कुणी मनाई केली नाही आणि तरी मुली मैदानावर आल्या नाहीत, किंवा आल्या आणि दोन वर्षांत परतल्या, तिथे कारण शोधायला घर, शाळा, शेत, कारखाना, लग्न या सगळ्यांत जावं लागतं. बोरिया मजुमदार यांनी विसाव्या शतकातल्या भारतीय महिला फुटबॉलवर लिहिलेला लेख या वाटेवरचा एक चांगला टप्पा आहे. कौशिक बंद्योपाध्याय यांच्याबरोबरचं त्यांचं ‘गोललेस’ आणि नोवी कपाडिया यांचं ‘बेअरफूट टू बूट्स’ ही पुस्तकंही जवळ ठेवा.

संघटित खेळाची आपली सुरुवात 1975 ची. त्या वर्षी भारतीय महिला फुटबॉल महासंघ लखनौमध्ये स्थापन झाला, पुरुषांच्या महासंघापासून वेगळा. या वेगळेपणाकडे मी विद्यार्थ्यांचं लक्ष मुद्दाम वेधतो. पैसा कमी, मान्यता अपुरी, तरी त्या काळात भारतीय संघ आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत दोनदा पोचला: 1980 च्या सुरुवातीला कोळिकोडला आणि 1983 साली बँकॉकला. मधल्या 1981 च्या स्पर्धेत तिसरा आला. 1983 मध्येच बंगालच्या शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. दुसरा मिळायला 2017 उजाडलं, आणि तो बेमबेम देवींना मिळाला. मधली चौतीस वर्षं मोकळी आहेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिलांचा कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला, त्याच सुमारास वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धा नव्याने सुरू झाली. आज ती राजमाता जिजाबाई करंडक म्हणून ओळखली जाते. मणिपूरने ती इतक्या वेळा जिंकली आहे की बाकी राज्यांच्या विजयांची यादी त्यापुढे छोटी दिसते.

बेमबेम देवी त्या मणिपूरच्या. लहानपणी मुलांच्या संघात खेळता यावं म्हणून त्या मुलाचं नाव लावून मैदानात उतरायच्या. पुढे मणिपूर पोलिसात नोकरी मिळाली, आणि त्या नोकरीने त्यांचा खेळ वाचवला, असं मला ठामपणे वाटतं. क्लब नव्हते, लीग नव्हती. महिन्याचा पगार आणि सरावाला सुट्टी देणारं खातं होतं. आजही ही वाट बंद झालेली नाही. मिडफिल्डर संगीता बासफोर सशस्त्र सीमा बलात आहेत. रेल्वेने तर कितीतरी खेळाडूंना आधार दिला. व्यावसायिक खेळाडू कुणाला म्हणायचं, या प्रश्नाचं भारतातलं उत्तर बराच काळ क्लबच्या करारात नव्हतं, खात्याच्या हजेरीपटात होतं. अभ्यासकाने तो हजेरीपट शोधला पाहिजे.

आता वेळापत्रकाची गोष्ट. 2009 साली भारताचा महिला संघ फिफाच्या क्रमवारीतून वगळला गेला. अठरा महिन्यांहून जास्त काळ संघाने आंतरराष्ट्रीय सामनाच खेळलेला नव्हता. बेमबेम तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. मिडफिल्डरचं हे वय म्हणजे पाय अजून साथ देतात आणि खेळाची समज पिकलेली असते. ज्या वयात फोर्मिगा विश्वचषकामागून विश्वचषक खेळत होत्या, त्या वयात आपल्या कर्णधाराला खेळायला सामना नव्हता. पुढच्याच वर्षी दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत ढाक्याला सुवर्ण मिळालं, आणि त्याच वर्षी सुरू झालेली दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची (सॅफ) महिला स्पर्धाही भारताने जिंकली. 2014 मध्ये बेमबेम मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून खेळायला गेल्या. फेब्रुवारी 2016 मध्ये शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेपाळला हरवून सुवर्ण जिंकलं आणि त्या थांबल्या. इंडियन विमेन्स लीग सुरू झाली ती त्याच वर्षाच्या शेवटी. देशाची पहिली राष्ट्रीय महिला लीग उभी राहिली तेव्हा देशातल्या सगळ्यांत नावाजलेल्या मिडफिल्डरची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपलेली होती. ती लीग जिंकली मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने, दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर, फेब्रुवारी 2017 मध्ये, आणि त्या संघाच्या व्यवस्थापक होत्या बेमबेम देवी. 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. महिला फुटबॉलपटूला ती पहिल्यांदाच मिळत होती.

त्या पहिल्या लीगच्या अंतिम फेरीत सहा संघ होते. त्यात एक एफसी पुणे सिटी आणि एक हरियाणातल्या अलखपुरा या गावाचा. इंडियन सुपर लीग या पुरुषांच्या लीगमधल्या क्लबचा महिला संघ आणि एका खेड्याचा संघ एकाच तक्त्यात! पुढे एफसी कोल्हापूर सिटीही या लीगमध्ये खेळली. कोल्हापूरच्या वाचकाला यातलं महत्त्व वेगळं सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार यांच्या सामन्यांना पेठांच्या पेठा लोटतात. तालमींनी फुटबॉल जोपासला असं दुसरं शहर महाराष्ट्रात नाही. मात्र तालीम ही पुरुषांची संस्था. तिच्या आधारावर वाढलेल्या खेळात मुलींसाठी जागा कुठून आणि कशी निघाली, हा एका प्रबंधाचा विषय आहे. नागपुरात विजय बारसे यांनी 2001 मध्ये सुरू केलेलं स्लम सॉकरचं काम, ज्याला 2016 साली फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, हा दुसरा. तिथे मुली क्लबच्या दारातून आल्या नाहीत, वस्तीतून आल्या.

लीग सुरू झाली तरी वेळापत्रक लगेच भरलं नाही. सुरुवातीच्या हंगामांत सगळे संघ एकाच शहरात जमायचे आणि काही आठवड्यांत स्पर्धा उरकायची. त्या थोड्या दिवसांत एकामागून एक सामने खेळून मिडफिल्डरच्या गुडघ्यावर काय ताण येत असेल, याचा विचार करा. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका पुरुषांपेक्षा महिला खेळाडूंना कितीतरी अधिक असतो, हे क्रीडावैद्यकात वारंवार दिसून आलं आहे. मग उरलेलं वर्ष मोकळं. एका हंगामात तर करोनामुळे लीग झालीच नाही. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर आलटून पालटून सामने 2023-24 च्या हंगामापासून होऊ लागले. 2023 मध्ये महासंघाच्या कार्यकारी समितीने लीगमधल्या क्लबांना किमान 10 भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान 3.2 लाख रुपयांचे करार करण्याची अट घातली. महिन्याला सत्तावीस हजारांच्याही आत. सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या बाईच्या मजुरीशी हा आकडा ताडून पाहा, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. मुलीने कारखान्यात जावं की मैदानावर, हा निर्णय घरात या आकड्यांवर होतो.

2022 हे वर्ष या पुस्तकात सविस्तर आलं आहे, कारण खेळाडूच्या हातात किती कमी असतं ते त्या एका वर्षात दिसतं. जानेवारीत आशियाई चषक नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात झाला. आशियातली सगळ्यांत मोठी स्पर्धा आपल्या दारात, आणि तिथून विश्वचषकाचा रस्ता. 20 जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. तीन दिवसांनी चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला भारताकडे करोनामुळे नियमाप्रमाणे लागणाऱ्या 13 खेळाडूही उरल्या नव्हत्या. संघ स्पर्धेतून बाद झाला आणि इराणविरुद्धचा खेळलेला सामनाही रद्दबातल ठरला. त्या दिवशी मधल्या फळीत नव्वद मिनिटं पळालेल्या बाईच्या स्पर्धेच्या खात्यावर शून्य. मग ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. कारभारावरचा वाद होता दिल्लीतला, पण गोकुळम केरळ या क्लबचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचला होता, त्याला तिथून न खेळता परतावं लागलं. निलंबन काही दिवसांतच उठलं; स्पर्धा निघून गेली होती. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाला. भारत अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझीलकडून हरला, तिन्ही सामन्यांत एकही गोल न करता. पुण्याची काजोल डिसोझा त्या संघात होती. पराभव मोठे होते, पण या मुलींनी जगातल्या सर्वोत्तम संघांसमोर वेग काय असतो ते अंगावर घेतलं, आणि हा अनुभव बेमबेम देवींच्या पिढीला त्या वयात मिळाला नव्हता.

एक सामना मात्र मी प्रत्येकाने शोधून पाहावा असं म्हणेन. 25 नोव्हेंबर 2021, ब्राझीलमधलं मनाउस. फोर्मिगांचा निरोपाचा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि समोर भारत. ब्राझीलने पहिल्याच मिनिटाला गोल केला, आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने बरोबरी साधली. शेवटी 6-1. सामन्याच्या अखेरीस फोर्मिगा मैदानात उतरल्या, त्रेचाळीस वर्षांच्या. भारताच्या मुलींनी त्यांना समोरून खेळताना पाहिलं. 1995 मध्ये सुरू झालेल्या दोन प्रवासांपैकी एकाचा शेवट दुसऱ्या प्रवासाच्या वारसदारांसमोर झाला.

आणि मग 5 जुलै 2025. चियांग माई, थायलंड. यजमान संघाविरुद्ध आशियाई चषकाच्या पात्रता फेरीचा निर्णायक सामना. भारताने 2-1 ने जिंकला आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच आशियाई चषकात प्रवेश मिळवला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूचे. मला त्या दिवशी झालेला आनंद अजून ताजा आहे. पण अभ्यासक म्हणून मला या दोन गोलांमागचं वर्ष हवं आहे: शिबिरं किती दिवसांची, त्या आधी सामने किती, सुट्टी कुणी दिली.

आता आपल्या मुलुखाकडे. नगर हवेली 1783 पासून पोर्तुगिजांकडे होती, 1954 मध्ये ती मुक्त झाली. पोर्तुगीज अंमल गोव्यातही होता. गोव्यात 1883 साली शिवोलीत विल्यम लायन्स या पाद्र्याने फुटबॉल आणला, आणि पुढे चर्चच्या अंगणातून, गावोगावच्या मैदानांतून तो इतका रुजला की गोव्याची ओळखच होऊन बसला. त्याच राजवटीखालच्या नगर हवेलीत तशी परंपरा वाढली नाही. का? लोकवस्ती वारली, धोडिया, कोकणा; शाळा थोड्या, पाद्री थोडे, जंगल दाट, आणि मुक्तीनंतर आलेले कारखाने. यातलं कोणतं कारण खरं वजनदार, हे ठरवायला गोव्याच्या आणि इथल्या कागदपत्रांची तुलना करावी लागेल. ती करायला तुम्ही योग्य जागी बसला आहात. मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली बोलणारा विद्यार्थी या कामाला जितका लायक आहे, तितका दिल्लीत बसलेला अभ्यासक नाही.

आणखी एक. दीवच्या घोघला किनाऱ्यावर मे 2025 मध्ये खेलो इंडिया बीच गेम्स झाले, त्यात बीच सॉकरही होता. स्पर्धा आपल्याच केंद्रशासित प्रदेशात झाली, म्हणून तिची कागदपत्रं मिळवणं सोपं जाईल. सरावासाठी हे काम पहिल्या सत्रात घ्या.

पुस्तकातली प्रकरणं कालक्रमाने लावली आहेत, पण त्याच क्रमाने वाचण्याची गरज नाही. ज्याला खेळ येतो त्याने मधल्या फळीच्या डावपेचांवरचं प्रकरण आधी घ्यावं. ज्याला अर्थशास्त्र आवडतं त्याने करार आणि नोकऱ्यांवरचं. पण पहिल्या महिन्यातच एका तरी माजी खेळाडूची मुलाखत घ्या. ती राष्ट्रीय पातळीवर खेळलेली असायला हवी असं नाही. शाळेकडून जिल्ह्यापर्यंत गेलेली आणि मग खेळ सुटलेली बाई आपल्या विषयाला तितकीच मोलाची आहे. वयाने मोठी असेल तर ताई म्हणा, आणि तिच्या कामाच्या वेळा सांभाळून जा. गोल किती केले हे शेवटी विचारा. आधी विचारा, कोणत्या जागेवर खेळायची, बूट कुणी घेऊन दिले, सामन्याला कशाने जायची, घरी परतायला किती वाजायचे, कुठल्या वर्षी खेळ थांबला आणि त्या वर्षी घरात काय झालं होतं. तिच्याकडे प्रमाणपत्रं असतील, एखादा वर्तमानपत्राचा तुकडा असेल. ते मागून आणू नका. तिच्या समोरच फोटो काढा, आणि मागच्या बाजूचाही काढा, कारण स्पर्धेची तारीख आणि शाळेचा शिक्का पुष्कळदा तिथेच असतो.